अळ्यांची सोयरीक

जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना अख्खं गाव सोयरीक सर म्हणायचं. माणसांचं एकही लग्न त्यांनी कधी जमवलं नाही. त्यांना घोर कपाशीवरच्या अळ्यांच्या लग्नांचा.

वर्गात ते घमेलं घेऊन यायचे. त्यात चवळीचे ढीगभर पांढरे दाणे आणि मोजके लाल. एकेक दाणा म्हणजे अळीचं एकेक जनुक: पांढरा साधा, लाल बीटी कपाशीतलं विष पचवणारा. आईकडून एक, बापाकडून एक. दोन्ही लाल आले तरच अळी जगते. डोळे मिटून आम्ही दोन-दोन दाणे काढायचो आणि हाती पांढरेच यायचे. मग सर मुठी भरभरून पांढरे काढून टाकत, की लाल जोड्या निघू लागत. "पाह्यलं? लाल तेवढेच हायेत बे, पांढरे कमी झाले. याले म्हणतात जनुकाचं प्रमाण."

बीटी बियाण्यासोबत तेव्हा साध्या कपाशीचं एक पाकीट यायचं. ते वावराच्या कडेनं लावायचं, म्हणजे साध्या अळ्या तिथं जगतात आणि विष पचवणाऱ्यांना साधा जोडीदार मिळतो, पिल्लांत दोन लाल जमत नाहीत. पण मुद्दाम अळ्या कोण पोसणार? एकटे सर लावायचे, आणि कडेच्या ओळी अळ्यांनी खाल्ल्या की खुशीत असायचे. लोक विचारत, "काय सर, जावई जेवले का?"

"जेवले. तुमच्या घरचे उपाशी मेले, त्याचीच चिंता हाये."

आमचं वावर त्यांच्या वावराला लागून. बाबांनी पाकीट माझ्या हाती दिलं. ते का लावायचं, याच प्रश्नाला मी त्या वर्षी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण जादा ओळी लावायच्या, निंदायच्या, त्याही अळ्यांसाठी? दिलं नाल्यात भिरकावून. पुढची तीन-चार वर्षं हेच केलं. सरांनी विचारलं की बिनदिक्कत "लावलं" म्हणायचो. त्याची आज लाज वाटते.

मग एका दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या, धडधाकट जिवंत. पतंगाला कुणाचा धुरा, कुणाचा बांध कळतो? आमची कपाशी गेली, सरांचीही गेली. बाबा नुसते बसून राहिले. सरांनी आमचं एक बोंड फोडून पाहिलं आणि म्हणाले, "सारे लाल."

सर रिटायर होऊन मुलाकडे निघाले, तेव्हा मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. त्यांची बॅग वर ठेवली आणि एकदाचं बोलून टाकलं, "सर, ते पाकीट मी नाल्यात फेकत होतो."

"माहीत हाये. मी उचलून माह्या धुऱ्यावर लावत होतो."

"मंग बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? तुले तं सारं पाठ होतं."

मी खाली उतरलो. कंडक्टरनं बेल दिली. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "यंदा लावशीन ना?"

"हाव सर. लिहून देतो."

"लिहू नको बे," सर म्हणाले. "लाव."