पहिला नमुना

"हिचं घ्या," सर म्हणाले.

हिचं म्हणजे माझं. रक्त.

आमच्या विभागात नवी मशीन आली होती आणि त्या दिवशी तिचं उद्घाटन होतं. समई पेटवून झाली होती, नारळ फुटला होता, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले होते. कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "सर, डेमो के लिए फ्रेश ब्लड लगेगा. कोणीतरी द्या." विद्यापीठाच्या दवाखान्यातली सिस्टर सुई घेऊन तयारच होती. संशोधन करणारी आम्ही पोरं-पोरी भिंतीला टेकून उभी होतो. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. विभागप्रमुख सरांनी आमच्यावरून नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली.

"हिचं घ्या. बाकीच्यांचे आईबाप उद्या भांडायला येतील. हिचे कुठं येतात?"

पाहुणे हसले. सिस्टरनं माझ्या दंडाला रबर बांधलं. सरांना अजून एक सुचलं. "दुष्काळी रक्त आहे, घट्ट असेल. मशीन तुंबेल बघा."

परत हशा. आणि मीही हसले. सरांचं बोलणं कधीतरी विसरेन. पण ते माझं हसणं कानातून जात नाही. भांडी घासताना येतं, एसटीत बसल्यावर येतं. कुणीतरी दुसरीच बाई हसतेय असं वाटतं, आणि मग कळतं, मीच ती.

त्या मशीनचं नाव फ्लो सायटोमीटर. नाव अवघड आहे, काम नाही. आमचे आबा संध्याकाळी मेंढरं वाघरीत घालतात. वाघूर म्हणजे जाळीचं कुंपण. जाळी एका जागी उचलून फट करायची आणि मेंढरं एकेक करून आत सोडायची. आबा फटीशी बसतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर हात टेकवतात. गाभण कोण, लंगडतंय कोण, रानात मागं राहिलंय कोण, सगळं त्या हाताला कळतं. मशीन तेच करते. रक्तातल्या पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकेक करून जातात, प्रत्येकीवर लेझरचा उजेड पडतो, आणि पेशी कुठल्या जातीची, धडधाकट की आजारी, ते पडद्यावर ठिपक्यानं दिसतं.

ज्युनियर पोरींना मी हे असंच समजावलं होतं. उद्घाटनाच्या भाषणात सरांनी तेच सांगितलं, वाघरीसकट. "लहानपणी मी गावाकडं बघायचो," म्हणाले. टाळ्या पडल्या. बघितलं असेल, खोटं कशाला बोलू. सरांच्या घरची जमीन मोठी. त्यांच्या रानात मेंढरं बसायला यायची ती आमच्यासारख्यांचीच.

रानात मेंढरं बसवणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. कळप रात्रभर त्याच्या रानात बसतो. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढचं पीक जोमात येतं. बदल्यात धान्याची पायली. सकाळ झाली की मेंढपाळानं निघायचं. आम्ही मूळचे पिशोरकडचे. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली पैठणच्या रस्त्याला उतरायचो, चितेगावच्या अंगाला. माझं बालपण त्या वाटेवर गेलं. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत. ज्या माळावर आमची वाघूर लागायची तिथं प्लॉटिंगचे दगड रोवलेत आणि कमानीवर नगराचं नाव लिहिलंय. पाऊस पळाला होता, शहर मात्र वाढत होतं. नव्या नव्या कॉलन्यांत टँकर फिरायचे आणि कळपाला हौदावर कुणी तोंड लावू द्यायचं नाही.

चारा-पाणी तुटलं की मेंढीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काय होतं, कुठली मेंढी टिकते आणि का टिकते, हा माझा पीएचडीचा विषय. गाईड सरच. तो मी पुस्तकात शोधला नव्हता. आमच्या दारातच मरत होता तो.

मशीन आली कशी, तेही सांगते. चार विभागांत मिळून एक, सामाईक, अशी ती मागितलेली होती. दोनदा मागणी परत आली. तुमच्याकडं एवढ्या भारी मशीनचं काम काय, असं वरून विचारलं. तिसऱ्यांदा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "तुझी ती मेंढरं घाल यात. दुष्काळ, मेंढपाळ, ग्रामीण विद्यार्थिनी. दिल्लीवाल्यांना आवडतं."

मला आनंद झाला होता. मी गावी गेले. आबांनी एकेक मेंढी गुडघ्यांत धरली, मी मानेच्या शिरेतून रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात घालून पहाटेच्या एसटीनं आणलं. होत्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून पेशी मोजल्या. दिल्लीची समिती बघायला येणार होती तेव्हा सर म्हणाले, "घरी घोंगडी असेल तर घेऊन ये." मी आणली. ती टेबलावर अंथरली, तिच्यावर नमुन्यांचा डबा ठेवला, फोटो काढले. मशीन मंजूर झाली. घोंगडी परत मागितली तर सापडेना. नंतर ती सरांच्या केबिनमधल्या सोफ्यावर दिसली.

उद्घाटनाच्या दिवशी माझं रक्त मशीनमध्ये गेलं आणि पडद्यावर ठिपके उगवले. आधी थोडे, मग झुंबड. एका बाजूला दाट थवा, दुसरीकडं विरळ. पाहुणे पुढं सरकले. मी कोपराशी कापूस दाबून मागं उभी होते, मला नीट दिसतही नव्हतं. इंजिनियरनं त्याची रंगीत प्रिंट काढून दिली. सरांनी ती काचेच्या चौकटीत बसवली आणि मशीनच्या खोलीबाहेर, दाराशेजारी लावली. खाली अक्षरं: पहिला नमुना. त्याखाली सरांचं नाव.

त्यानंतर मी त्या दारातून आत गेले नाही. म्हणजे जाऊ दिलं नाही.

आधी म्हणाले, ट्रेनिंग झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. ट्रेनिंग कुणाला द्यायचं ते सर ठरवणार. माझ्यानंतर आलेली पोरं शिकली. मी विचारलं की, "तुझं पुढच्या वेळी." पुढची वेळ आली आणि गेली. शेवटी नमुने घेऊन मी थेट समोर उभी राहिले. सरांनी डब्याकडं बघून नाक मुरडलं.

"माणसाच्या रक्ताची मशीन आहे ही. तिच्यात जनावराचं घालायचं?"

"सर, अर्जात तेच लिहिलं होतं."

"अर्ज वेगळा असतो."

डबा घेऊन मी होस्टेलवर आले. नळ्यांतलं रक्त संध्याकाळपर्यंत बिघडलं. मोरीत ओतलं आणि पाणी टाकलं. पाणीही मापातच मिळायचं तेव्हा. लाल डाग राहिला तो राहिलाच.

तिथून ते ठिपके माझ्या मागं लागले. विभागात पाऊल टाकलं की आधी तेच दिसायचे. मी मान खाली घालून जायचे, तरी पाठीवर जाणवायचे. कोपराच्या खळीत, सुई टोचली होती तिथं, खाज सुटायची. कातडीवर काही नव्हतं. गावी गेले की टेकाडावरून कळप बघायचे. लांबून मेंढरं ठिपक्यांसारखीच दिसतात. दर खेपेला ठिपके कमी झालेले. काही मेली, काही आबांनी लासूर स्टेशनच्या बाजारात नेऊन विकली. रानातले ठिपके विरत चालले होते, भिंतीवरचे मात्र होते तेवढेच. ताजे, रंगीत. कधीकधी वाटायचं, मी तिथंच राहिलेय, चौकटीत, आणि इकडं चालतंय-बोलतंय ते नुसतं कातडं आहे.

मग एक दिवस आबा आले. न सांगता. कळप चितेगावच्या अंगाला होता, तिथून एसटीनं आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर काठी. म्हणाले, "ती मोजणी करणारी मशीन बघू म्हणलं एकदा. आपल्या मेंढरांचं रक्त गेलंय तिच्यात."

ते गेलंच नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

दारापाशी सर भेटले. मी म्हटलं, "सर, माझे वडील. लांबूनच बघतील." सरांनी त्यांच्या पायांकडं बघितलं. आबांनी चप्पल आधीच काढून हातात घेतली होती. सर म्हणाले, "इथं निर्जंतुक ठेवावं लागतं. कुणालाही आत सोडत नाही आम्ही." आणि आत गेले. आत सरांचे पाहुणे होते, बायकापोरांसकट, पायात बूट. मशीनशेजारी उभे राहून फोटो काढत होते. दाराला काच आहे. आबांना सगळं दिसलं.

ते वळले तर समोर चौकट.

"हे काय गं?"

"रक्त हाय आबा. माझं."

"तुझं?" त्यांनी काचेवर हात टेकवला, मेंढीच्या पाठीवर टेकवतात तसा. बराच वेळ तसाच ठेवला. आबांना लिहिता-वाचता येत नाही. "मंग खाली तुझं नाव हाय व्हय?"

"नाय."

"कुणाचं हाय?"

"सरांचं."

आबा चप्पल घालत म्हणाले, "रानात मेंढरं बसीवतो आपण. लेंड्या राहू द्या म्हणत्यात, अन् उजाडलं की तुम्ही निघा. ते आपलं झालं. तुला शिकाया धाडलं तरी तेच चाललंय व्हय?"

एसटीत बसवून दिलं त्यांना. मला लाज वाटली, पण या वेळी स्वतःची नाही, सरांची. इतकी वर्षं चुकीच्या माणसाची लाज वाटत होती मला.

पुढं समिती परत आली. सामाईक मशीन खरंच सामाईक वापरली जाते का, ते बघायला. दोन साहेब आणि एक मॅडम. त्या दिवशी तेवढं आम्हा सगळ्यांना मशीनच्या खोलीत उभं केलं. सरांनी तेच सगळं पुन्हा मांडलं, घोंगडीसुद्धा सोफ्यावरून टेबलावर आली. मग म्हणाले, "आता प्रत्यक्ष चालवून दाखवतो." नजर फिरवलीच नाही या वेळी. सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "ये गं. बाही वर कर."

माझी बाही मनगटापर्यंत होती. मी तिचं बटण लावलं.

"नाही देणार सर."

सगळे थांबले. मॅडम हसून म्हणाल्या, "सुईची भीती वाटते का?"

"सुईची नाही मॅडम. माझं रक्त बाहेर भिंतीवर लावलंय. मशीन ज्या मेंढ्यांच्या नावावर मागितली, त्यांचं अजून आत गेलेलं नाही. मला हिला हात लावू देत नाहीत. आधी ते होऊ द्या. मग हात पुढं करते."

आवाज कापत होता माझा. पण वाक्यं सगळी बाहेर पडली.

सर म्हणाले, "गावाकडची आहे, जरा तापट." साहेब लोकांनी माना हलवल्या. एक दुसरा मुलगा बाही वर करत पुढं झाला. माझ्याकडं न बघता. सिस्टरनं त्याच्या दंडाला रबर बांधलं, पडद्यावर ठिपके आले. मी वाट बघत होते, मॅडम मला काही विचारतील. त्यांनी विचारलं नाही. जेवणं झाली, गाडी निघून गेली.

मग सरांनी मला बोलावलं. "मशीन विसर. गाईड दुसरा बघ, मिळाला तर. आणि उद्या तुझ्या बापाला घेऊन ये. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"ते येऊन गेले सर. तुम्हीच त्यांना दारातून परत पाठवलं."

सरांना आठवेना. खरंच आठवेना, तोंडावर दिसत होतं. त्याचा मला जास्त राग आला.

बाहेर आले. भिंतीवरून चौकट काढली, मागचा पुठ्ठा उघडला, माझ्या रक्ताचा कागद काढून घेतला. पुठ्ठा परत लावला, चौकट परत खिळ्याला अडकवली. काच त्यांची, लाकूड त्यांचं. शिपाई बघत होता. म्हणाला, "चोरीचा आळ घेतील ताई." मी म्हटलं, "घेऊ द्या. रक्त कुणाचं आहे ते तपासता येतं. आत मशीन आहे."

रिकामी चौकट आजही तिथंच आहे. मी सारखी बघते, कारण मी सारखी तिथं असते. गाईड मिळालेला नाही. होस्टेलची खोली गेली, एका मैत्रिणीकडं राहते. चार विभागांच्या प्रमुखांना विचारून झालं. तिघं म्हणतात, चौथ्याला विचार. चौथे म्हणजे सरच.

तर मी असं करते. पिशोरला जाते. आबा कळपातली एखादी मेंढी गुडघ्यांत धरतात, मी रक्त काढते. डबा घेऊन येते आणि मशीनच्या दारासमोरच्या बाकावर बसते, डबा मांडीवर. सर येताना बघतात, जाताना बघतात. रक्त संध्याकाळपर्यंत टिकतं, मग टाकून द्यावं लागतं. मग मी पुन्हा गावी जाते, पुन्हा आणते. आबा विचारत नाहीत किती दिवस. फक्त मेंढी बदलतात, एकीलाच त्रास नको म्हणून.

ठिपके अजून दिसतात मला. दिसू देत. आता मी मान खाली घालत नाही.

माझ्या मेंढ्यांच्या नावावर आलेली मशीन आहे ती. तिच्यावर कामाला मी बसणार. आमच्या सात पिढ्या उजाडलं की निघाल्या. मी निघणार नाही.