खलनायकाचा मऊ आवाज

कापडगिरणी बंद पडली आणि बडा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीला एक वाचणारा मिळाला. दुपारी तो ओट्यावर बसून मोठ्याने कादंबरी वाचतो, बायका गहू निवडत ऐकतात. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटतं. खलनायक आला की मात्र त्याचा आवाज मऊ होतो.

मी चिडायचो. "अरे, बदमाश आहे तो! जरा कडक वाच ना."

"भिया," तो मला म्हणायचा, "तो स्वतःला बदमाश थोडीच समजतो?"

मी उभं केलेलं दुकान माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या नावावर करून घेतलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं, हे गल्लीला ठाऊक होतं.

एकदा वाचणाऱ्याचा घसा बसला. त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. धाकट्याचं शेत लाटणाऱ्या थोरल्या भावाचा प्रसंग होता. मी असा गरजलो की समोरच्या काकू म्हणाल्या, "मंडीत भाव करताय का?"

सगळे हसले. त्याने पानाच्या सुरुवातीवर बोट ठेवलं. मी पुन्हा सावकाश वाचलं, तर तो थोरला आपल्या हुशार धाकट्या भावापुढे घाबरलेला वाटला.

संध्याकाळी मी दादाच्या दारात गेलो. दुकानाचा हक्क मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. मला पाहून तो गडबडला आणि म्हणाला, "पोहे खाशील?"

"खाईन. पण शेव भरपूर टाक, त्यात घासाघीस नको."

तो इतका मोठ्याने हसला की वहिनी धावत बाहेर आली.