डोऱ्यांचे सर

धानोऱ्याजवळच्या त्या गावात लोक मला ‘डोऱ्यांचे सर’ म्हणत. डोरे म्हणजे तिकडच्या बोलीत डोळे. मी डॉक्टर नव्हतो. डोळे आणि कान मिळून वस्तू कशी ओळखतात, यावर प्रबंध लिहीत होतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. ते नाव मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण त्या नावामुळे लोक चाचणीला आपण होऊन येत. हे आज कबूल करतो.

चाचणी अशी: मोहफुलं पुरती वाळली का, हे आधी नुसतं पाहून सांगायचं, मग डोळे मिटून मूठ कानाशी हलवून, शेवटी दोन्ही करून. वाळलेली फुलं मुठीत खुळखुळतात, ओलसर गप्प राहतात. दोन्ही केलं की सगळ्यांची उत्तरं सुधारत. एका म्हातारीची सुधारेनात. कानाने ती कधी चुकली नाही. नुसतं पाहून मात्र दर वेळी चुके. तिला तीनदा बोलावलं, तिसऱ्यांदा गुरुवारी. मग वहीत ‘सूचना समजत नाहीत’ असं लिहून तिचे आकडे वगळले.

काम संपवून गावातून निघताना तिच्या सुनेने अडवलं.

“सर, बुढीले दवाई कवा देता?”

“कसली दवाई?”

“डोऱ्याइची! तीन खेपा तपासलं ना तुमी? गुरुवारी धानोऱ्याले मोतीबिंदूचं शिबिर होतं, तिथी नाई गेली. म्हणे, आपले सर तपासून राह्यले, मी कायले जाऊ?”

मी डॉक्टर नसल्याचं तेव्हा सांगितलं.

“डोऱ्याइवर शिकता, अन् बुढीले दिसत नाई हे तुमालेच नाई दिसलं?”

शिबिर वर्षातून एकदाच येई. पुढच्या हंगामात म्हातारी मोह वेचायला गेलीच नाही. अंगणात बसून, सुनेने आणलेली फुलं मुठीत घेऊन कानाशी हलवत राहिली.

त्या वर्षीच्या शिबिराला मी रजा काढून गेलो आणि तिला एसटीने नेलं. ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी सुटल्यावर माफी मागितली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तूच का रे तो? आवाजानं त मोठा सायब वाटे. लयच वाळलेला निघाला!”

सून तोंडाला पदर लावून हसली.

“आन ती फुलं,” म्हातारी म्हणाली. “आता पाहून सांगीन.”

मी फुलं आणलीच नव्हती.