सेनेगलची होडी पाचूबंदरला

मी एकदा सेनेगलमधल्या एका बाईची गोष्ट भर हळदीकुंकवात माझ्या विहिणीच्या अंगावर टाकली. मुद्दाम नव्हे. पण गरम चहा मुद्दाम सांडला काय आणि हातातून निसटला काय, भाजायचं तेवढं भाजतंच.

तेव्हा मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. जन्मभर मराठी शिकवलेलं, त्यामुळे चार माणसं समोर बसलेली दिसली की माझा हात आपोआप खडू शोधायचा. आमच्या माणिकपूरच्या वाचनालयात तेव्हा परदेशी साहित्यावर व्याख्यानं चालायची. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी रशिया आधीच पटकावला होता, फ्रान्स त्यांच्या मेहुणीकडे गेला होता. माझ्या वाट्याला सेनेगल आला. मी शाळेचा जुना नकाशा काढून बसले. आफ्रिकेने पश्चिमेला समुद्रात नाक खुपसलंय ना, तिथे तो मला सापडला.

वाचायला लागले आणि अडकलेच. शाळा फ्रेंचांच्या, म्हणून त्या लेखकांचं लिहिणं फ्रेंचमध्ये. घरात आईशी बोलणं वोलोफमध्ये, नाहीतर तिथल्या आणखी कुठल्या भाषेत. म्हणजे पुस्तकाचं कौतुक पॅरिसमध्ये, आणि जिच्यावर लिहिलं ती आई दारात बसून विचारणार, काय रे लिवलंस एवढं? यावरून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद. कुणी म्हणालं, फ्रेंचच अशी वाकवू की तिच्यातून आपला ढोल ऐकू येईल. कुणी हट्टाने वोलोफमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. कुणी सरळ सिनेमाकडे वळले, वाचता न येणाऱ्यालाही गोष्ट पोचावी म्हणून. या सगळ्यांच्या मागे तिथले जुने गाऊन सांगणारे, घराणीच्या घराणी तोंडपाठ असलेले. आणि तिथल्या लेखिका तर धीटच. सवत, वैधव्य, नवऱ्याचं दुसरं लग्न, जे घरात कुजबुजत बोलायचं ते त्यांनी छापून मोकळं केलं.

हे सगळं मी वाचनालयात अत्यंत शुद्ध मराठीत सांगितलं. ‘साहित्यिक वारसा’ हे शब्द इतके घोळवले की शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी प्रश्न विचारला, “मॅडम, वारसाची नोंद हल्ली तलाठ्याकडेच होते ना?”

मी फणफणत घरी आले. विहीणबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “सोडा ओ त्यांना. आमच्या मंडलाच्या हलदीकुंकवाला या. आमच्या बायका कान देऊन ऐकतात.”

या विहीणबाई म्हणजे पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. माझी लेक त्यांच्या घरी दिली आहे. घरची बोट, मासळीचा धंदा, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून बोलल्या तर बोटीवरच्याने जाळं टाकून हात जोडावेत. दर शुक्रवारी त्यांच्याकडून माझ्या घरी मासळी यायची, साफ करून, मीठ लावून. अशी विहीण नशिबानेच मिळते.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, या बायकांना सेनेगल कुठला झेपायला! मी स्वतः अर्नाळ्याच्या कोळ्याची मुलगी, बोंबलाच्या वासात वाढलेली. पण डी.एड. झाले, माणिकपुरात ब्लॉक घेतला आणि अंगाला अत्तर लावावं तशी शुद्ध भाषा लावली. तर मी ठरवलं, यांना सेनेगल न सांगताच सेनेगलची गोष्ट सांगायची. नावं बदलायची, किनारा पाचूबंदरचा करायचा, आणि शेवटी टाळ्या पडल्या की सांगायचं, “भगिनींनो, ही गोष्ट आफ्रिकेतली!” मग त्या तोंडात बोटं घालणार, आणि मी मंद हसणार. हे मंद हसणं मी आरशासमोर करूनही पाहिलं होतं.

गोष्ट एका लेखिकेची होती. वोलोफमध्ये सुचलेली, फ्रेंचमध्ये लिहिलेली, इंग्रजीत उतरलेली आणि शेवटी माझ्या तावडीत सापडलेली. एका मच्छिमाराच्या होडीवर बायकोचं नाव रंगवलेलं असतं. तो दुसरी बायको करतो, आणि पहिलीचं नाव खरवडून दुसरीचं रंगवतो. एवढंच नव्हे, पुढेही आहे, पण तिथपर्यंत मी पोचलेच नाही.

कारण मी विचार केला, हळदीकुंकवात सवत कशाला? वाण लुटायला आलेल्या बायकांसमोर अभद्र नको. म्हणून मी सवत काढली आणि तिच्या जागी सासू घातली. सासूवर काय, कुणाचाच आक्षेप नसतो. माझ्या गोष्टीतल्या नवऱ्याने बायकोचं नाव खरवडून स्वतःच्या आईचं नाव होडीवर रंगवलं.

हे वाक्य मी म्हटलं आणि सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं, काय रंगलीय गोष्ट! मी आवाज आणखी खाली आणला. तेवढ्यात एक बाई फिसकन हसली, दुसरीने तिला चिमटा काढला, आणि सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. पहिल्या रांगेत विहीणबाई. नवीन साडी, अबोलीचा गजरा, मांडीवर माझ्यासाठी आणलेला नारळ.

त्या उठल्या. म्हणाल्या, “कोनी सांगितला तुमाला माज्या घरचा? पोरीनं?”

“अहो, ही गोष्ट तर—”

“गोष्ट कंची! गावात बोट एकच हाय तशी.”

आणि नारळासकट निघून गेल्या.

ही हकिकत मला सोडून साऱ्या बंदराला ठाऊक होती. त्यांच्या बोटीवर लग्नानंतर त्यांचं नाव होतं. मग सासूबाई रुसल्या, जेवेनात, आणि आमच्या व्याह्यांनी एका दुपारी ब्रश घेऊन बायकोचं नाव पुसलं नि आईचं लिहिलं. माझी लेक त्या घरात गेली तोवर रंग जुना झाला होता. मला वाटे, पहिल्यापासून तेच नाव. मी सवत टाळायला गेले आणि नेमकी त्यांची सासू काढून बसले.

मी लोकांना सांगत सुटले, ही सेनेगलची गोष्ट, सेनेगलची. कुणी मानेना. माझ्याशेजारी हळदीकुंकू घेत उभी असलेली बाई म्हणाली, “असूद्या बाई, आता काय नाव बदलताव. सगल्यांना समजला.”

लेकीचा फोन आला. ती मुंबईच्या मराठीत भांडते. “मम्मी, तू काय केलंस? सासू फुल गरम आहे. तिला वाटतंय मीच तुला सांगितलं. बोलली, तुझ्या मम्मीच्या घरची पायरी चढायची नाय आता कोनी.”

“मग तू येणार नाहीस?”

“कशी येऊ? सांग ना. रोज तोंड तर मला तिचंच बघायचंय.”

शुक्रवारची मासळी बंद झाली, ते मी सोसलं असतं. वांगी कुणी खात नाही असं नाही. पण लेक यायची थांबली, ते मात्र घशात काट्यासारखं रुतलं. गणपती गेले, दसरा गेला. शेवटी मी ते पुस्तक पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि न बोलावता पाचूबंदर गाठलं.

विहीणबाई ओटीवर कोळंबी सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसले आणि पुस्तक उघडून धरलं. “हे बघा. इथे लिहिलंय. सेनेगल.”

“मना काय दाकवताव. मना वाचता येता का?”

मग मी वाचून दाखवायला लागले. इंग्रजीतून मराठी करत, “त्या प्रातःकाली समुद्र निश्चल होता,” अशी सुरुवात केली.

“बाई, शाला सुटली,” विहीणबाई कोळंबीकडे बघतच म्हणाल्या. “नीट सांगा, नायतर उठा.”

मला एकदम ते सगळे सेनेगलचे लेखक आठवले, आपापल्या आयांसमोर आपली फ्रेंच पुस्तकं घेऊन बसलेले. मी पुस्तक मिटलं. माझ्या आईच्या, अर्नाळ्याच्या बोलीत गोष्ट सांगायला लागले. पहिली दोनचार वाक्यं जीभ अडखळली, मग सुटली. या वेळी काही बदललं नाही. गाव सेनेगलचं, होडी रंगीबेरंगी, भात आणि मासळी एकाच परातीत, आणि सवत जिथल्या तिथे. विहीणबाईंनी मध्येच एक ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे मीही सोलायचं. सोलता सोलता शेवटाला आले. पहिली बायको भांडत नाही. होडी किनाऱ्याला यायला लागली की रोज टोपली घेऊन उभी राहते आणि होडीला तिच्या जुन्या नावाने, म्हणजे स्वतःच्या नावाने, मोठ्याने हाक मारते. आणि इतक्या वर्षांची सवय, होडीवरचे सगळे वळून बघतात. नवराही.

विहीणबाईंचे हात थांबले. “आनी सासू?”

“सासू नाहीच या गोष्टीत. ती मी घातली.”

“तुमी घातली!” त्यांनी कपाळाला हात लावला, कोळंबीचा. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसून झाल्यावर पदराने डोळे पुसत हळूच म्हणाल्या, “येवडी वर्सा झाली, मना हाक मारायचा सुचलाच नाय.”

मी उठले तेव्हा त्यांनी या म्हटलं नाही, पण सोललेली कोळंबी डब्यात भरून दिली. शुक्रवारी दारावरची बेल वाजली. पुढे लेक, मागे विहीणबाई, हातात पापलेटांची पिशवी. चप्पल काढायच्या आधी, उंबऱ्यातूनच त्या बोलल्या:

“विहीणबाई, तुमच्या त्या सेनेगलच्या बाईला कलवा, मी काल बंदरावर हाक मारली, खलाशी वलले नि माजा नवराबी वलला. पन फुडच्या टायमाला गोष्ट सांगाल तं गावाचा नाव पयला सांगा!”