डाव्या बुटाची घासलेली कड

शनिवारी सकाळी सव्वानऊला डार्लीन होस्टेटलर पोर्टलंडमधल्या एका शाळेच्या छपराखालच्या बास्केटबॉल मैदानात एकटीच सराव करत होती. उजव्या पायाचे सलग चाळीस झेल झाले होते. डावा पाय तिने अजून उचललाच नव्हता.

खेळ फूटबॅगचा. मुठीत मावणारी, बत्तीस तुकडे जोडून शिवलेली पिशवी, आत वाळू. हात लावायचा नाही. एक पाय दुसऱ्यामागून आडवा न्यायचा आणि पडती पिशवी त्याच्या आतल्या कडेवर अलगद थांबवायची, या झेलाला क्लिपर म्हणतात.

डार्लीन सत्तेचाळीस वर्षांची. एका प्रयोगशाळेत दातांच्या कॅप घडवते. अकरा महिन्यांपूर्वी ती फूटबॅग खेळणाऱ्यांच्या या कोंडाळ्यात आली, तेव्हा सगळ्यांत जुना खेळाडू कर्टिस यामाने पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जे उजव्याने, ते डाव्याने. त्याच दिवशी." तिने मान डोलावली आणि उजव्यानेच खेळत राहिली. उजव्याने जमत होतं, आणि जमण्याची चटक लागते.

कर्टिसची खेळातली जोडीदारीण मार्चमध्ये टूसॉनला राहायला गेली. यूजीन शहरातली स्पर्धा तीन आठवड्यांवर. तिथे दोघांनी मिळून संगीतावर दोन मिनिटं खेळायचं असतं. ती जागा डार्लीनला हवी होती. अट एकच: दोन्ही पायांनी सलग दहा-दहा क्लिपर. नावनोंदणी आज दहाला बंद होणार होती.

क्लिपरने बुटाची आतली कड झिजते. तिच्या उजव्या बुटाची पार पांढरी पडली होती. डावा मात्र खोक्यातून काढल्यासारखा. कर्टिसला ते कळू नये म्हणून काल संध्याकाळी, प्रयोगशाळेत कोणी नसताना, तिने डाव्या कडेवर पॉलिश पेपर फिरवला. दोन्ही बूट सारखे दिसेपर्यंत.

साडेनऊला कर्टिस आला. मागून कोंडाळ्यातलीच ओपल. ती टपाल वाटते, आणि तोंड कधी मिटत नाही.

"काय गं, दोन्ही बूट सारखेच म्हातारे? जुळे आहेत का?" ओपलने विचारलं.

"वापरलेत ना," डार्लीन म्हणाली आणि डावा पाय मागे घेतला.

"उजवा," कर्टिस म्हणाला.

दहा झाले. एकही डगमगला नाही.

"डावा."

एक. दोन. तिसऱ्याला पिशवी घोट्यावर आदळली. चौथ्याला पाय वर यायला उशीर झाला आणि पिशवी सिमेंटवर पडली.

"सॉरी."

"ए! सॉरी म्हणायचं नाही," ओपल ओरडली. "चुका मोजत बसलो तर खेळणार कधी?"

"परत," कर्टिस म्हणाला.

या वेळी तीनच. नऊ पंचेचाळीस झाले होते. कर्टिस खाली वाकला.

"डावा बूट काढ."

"कशाला? थंडी आहे."

"काढ."

त्याने बूट उजेडाकडे धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. डार्लीन मोज्यावर उभी राहिली. सिमेंट गार होतं.

"पिशवीने कड मध्ये खोलगट होते," तो म्हणाला. "हे सरळ ओरखडे आहेत. टाचेपासून बोटांपर्यंत. कोणता कागद?"

तिने ओपलकडे पाहिलं.

"चारशे नंबर."

"काम सफाईदार आहे. पोरं पाय मोडून घेतात, खोटं बोलतात, सगळं पाहिलंय. बूट घासून म्हातारा केलेला पहिल्यांदाच."

"एक संधी दे, कर्टिस. शेवटची."

त्याने बूट परत दिला. तिने लेस बांधली. सहा झेल झाले. सातव्याला पिशवी बुटावर आली, टेकली, घरंगळली.

नऊ चोपन्न. कर्टिसने फोनवरचा जोडीचा अर्ज बंद केला, एकेरीचा उघडला आणि फक्त स्वतःचं नाव भरलं.

"रागावलास?" तिने विचारलं.

"हो. तिथे दोन मिनिटांत तुला डावा पाय वीसदा वापरावा लागला असता. कागद कुठवर पुरवला असतास?"

"मग मी आता काय करू?"

"त्या पायाने खेळायला लागून किती दिवस झाले?"

"एकही नाही."

"मग तो नवशिका आहे. नवशिक्यांना मी रविवारी शिकवतो. यादी ओपलकडे."

ओपलने पिशवीतून वही काढली. "चार पोरं आहेत, दहा-दहा वर्षांची. सांभाळून घे हं, आजी."

नवशिक्यांचा वर्ग उद्या अकरा वाजता याच मैदानात आहे. यादीत पाच नावं आहेत.