चिरफाड नको, पट्टे बांधा

छाती चिरून घ्यायला घाबरणारे सगळे आमच्याकडे येतात आणि घाबरलोय एवढं सोडून बाकी सगळं बोलतात. मग किस्से साठणारच.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, शिंदे की छावनीतल्या एका सेंटरवर मी हृदयाचं मशीन चालवतो. पोटऱ्या, मांड्या आणि बुडाला पट्टे बांधायचे. दोन ठोक्यांच्या मध्ये त्यांत हवा भरते, रक्त वर ढकललं जातं. सुई नाही, सुरी नाही. माणूस फक्त तासभर पलंगावर उडत राहतो.

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबाही उडायला आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालताना छातीत दुखायचं थांबलं नाही, तर दिल्लीला बायपास.

*

जाधवमामांचे पूर्वज म्हणे घोडदळात होते. मामांना स्वतःला स्कूटरवरून उतरताना दोन माणसं लागतात. पलंग हलायला लागला की सुरू, "आमच्या रक्तातच घोडा आहे रे!"

मी म्हटलं, "असता तर ब्लॉकेज झालंच नसतं, मामा. लात मारके निकल जाता."

*

हेच मामा सेशन संपवून तडक नई सडकेवर. मी गाठलं तेव्हा हातात कचोरी, दुसरी तोंडात.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"रस्ता साफ होतोय म्हणाले. मग गाड़ी तो चलेगी ना?"

*

मामांचे व्याही पुण्याचे. तेही आले, खास आमची मराठी सुधारायला. मी पट्टे घेऊन विचारलं, "काका, पोट खाली आहे ना?"

"करतो," म्हणाले, आणि पालथे झोपले.

"अहो, खाली म्हणजे रिकामं!"

"मग रिकामं म्हण. भाषा बिघडवून ठेवलीत तुम्ही लोकांनी."

"भाषा आमची बिघडलीय, काका. हृदय तुमचं. सीधे हो जाओ."

*

बाबांचं वेगळंच. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पट्टे मीच बांधणार, पण बोलायचं नाही. मांडीचा पट्टा आवळला गेला तेव्हा छताकडे बघून म्हणाले, "कोणीतरी सैल करा."

"कोणीतरी आज सुट्टीवर आहे," मी म्हटलं. "माझं नाव घ्या."

नाव घेतील तर ते बाबा कसले? मशीनकडे वळून हात जोडले, "बाई, जरा हळू."

*

कोर्सच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. आई भिंतीला टेकून पदर चावत होती. मी आपला पट्टे गुंडाळतोय असं दाखवत होतो. बाबा टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. छातीवर हात गेला नाही.

"दर्द?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल नाही."

"फिर दिल्ली कैंसल."

आई रडायलाच लागली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरसाहेब, मी तर चालायला लागलो. आता ह्याला झोपवा मशीनवर. कॉलेज सोडल्यापासून जागचा हलला नाहीये."