माडग्याला कोणी आलं नाही

बायको वारली आणि मी चहाबाज झालो. शेळगावात आमचं घर रस्त्याकडेला. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून बसवायचं, घोटभर घ्या म्हणायचं. आपण कप धरला नाही तर पाहुणा अवघडतो, म्हणून प्रत्येकाबरोबर मीही घ्यायचो, गोडमिट्ट. कारखान्याची सभासदांना मिळणारी दिवाळीची साखर आम्हा दोघांना गुढीपाडव्यापर्यंत पुरायची. ती संक्रांतीलाच संपली. जेवणाचा मात्र कंटाळा. एकट्यासाठी कोण भाकरी थापतो? चहात पाव बुडवला की भागायचं.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून स्पष्ट सांगितलं, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर इन्सुलिन. मी घाबरलो, पण सुईला नव्हे. इन्सुलिनवर कधी साखर एकदम खाली जाते, माणूस घामाघूम होऊन पडतो, असंही त्या म्हणाल्या होत्या. आमच्या घरात पडलो तर दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

मग त्यांनी आतड्यातल्या जंतूंचं सांगितलं. मैदा, साखर वरच्या वर रक्तात जाते, जंतूंपर्यंत काही पोचत नाही. कोंड्यासकट ज्वारी, हुलगे, मटकी यांतला चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांना मिळतो. ते पोसले गेले की साखर आवरायला मदत होते. म्हणजे पोटात कोट्यवधी जण उपाशी आणि मी रस्त्यावरच्यांना आग्रह करत होतो. मला हसू आलं.

पीठ चाळणं बंद केलं. भाकरी शिकलो, पहिल्या आठवड्यातल्या शेजारच्या कुत्र्याने खाल्ल्या. चहाऐवजी हुलग्याच्या पिठाचं माडगं शिजवू लागलो, पेजेसारखं पातळ, मीठ-जिरं घातलेलं. येणाऱ्यांनाही तेच. एकदा कौतुकाने प्यायले, पुढे एकेकाला घाई होऊ लागली. एकाने तर गाडीवरूनच हात केला. माणसं चहाला येत होती, माझ्याकडे नाही, हे फार लागलं. अजून लागतं. पुन्हा चहा ठेवला असता तर आलीही असती. पण घरात साखर आली की मी थांबणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तीन महिन्यांनी साखर उतरली. इन्सुलिन टळलं. डॉक्टरीणबाई खूष होत्या.

"आबा, पुरुषमाणसांना एवढं पथ्य जमत नाही. घरी कोण करून घालतं?"

"हायती की, मंडळी," मी म्हणालो.

"पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या. मला भेटायचंय."

"व्हय."

बाहेर येऊन स्टँडवर बसलो. आमच्या गावावरून जाणारी इंदापूरची एक गाडी गेली, दुसरी गेली, उठावंसं वाटेना. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. पण दवाखान्यात तेवढा वेळ ती घरी होती.